जावक बारनिशी

पाच वर्षं बाईंची पत्रं मी जावकला चढवली.
क्रमांक, तारीख, कोणाला, विषय, तिकिटं किती.
माणूस कळायला एवढे रकाने पुरतात,
फक्त शेऱ्याचा थोडा रुंद हवा होता.

गाडीतून उतरल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा,
डोक्यावर सोलापूरचा एप्रिल.
शिपाई डबा घ्यायला धावला, तर म्हणाल्या,
असू दे, आईची भाकरी आहे.
कडक आहे. मोडायची पद्धत असते.
कुलगुरूंपुढे हसावं की नाही,
कोणालाच ठरवता येईना.

डॉ. अनसूया येमूल. पूर्व भागातल्या.
घरात तेलुगू, शाळेत मराठी, नळावर भांडायला कानडी.
पहिल्याच बैठकीत त्यांनी छाट सांगितली.
म्हणजे आई हजार विड्या वळून सूप पुढे करायची,
चेकर मूठभर उचलायचा, म्हणायचा, छाट.
त्यांची मजुरी नाही. विड्याही परत नाहीत.
आईनं कधी विचारलं नाही
त्या नापास विड्या शेवटी कोण ओढतं.

मुलीनं विचारलं, टेबलाच्या डोक्याशी बसून.
यंदा एकवीस हजार नापास.
फी आपण ठेवली, उत्तरपत्रिका आपण ठेवल्या,
पोरं तेवढी परत पाठवली. बरोबर ना?
कोणीतरी पंखा वाढवायला सांगितलं.
तो आधीच पाचवर होता.

जावक २१४. मागेल त्याला उत्तरपत्रिकेची प्रत.
जावक ३९०. संध्याकाळी सहाचे वर्ग,
कारण विडी साडेचारला जमा होते.
जावक ८८२. एका महाविद्यालयाची संलग्नता रद्द,
तिथं कागदावर अकरा प्राध्यापक होते
आणि प्रयोगशाळेत मंडपवाल्याच्या गाद्या.

संस्थाचालक चादर घेऊन आले.
बाईंनी ती उलटी केली, काठ चिमटीत धरला,
उजेडाकडे नेला.
सुतात भेसळ आहे, म्हणाल्या,
दुकानदार फसवतोय तुम्हाला. परत करा.
आठ दिवसांनी वरून स्थगिती आली.
ती आवकला आली. माझा संबंध नव्हता.

बाई देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही.
प्राध्यापक हिरेमठांना त्यांनी निलंबित केलं,
गठ्ठे वेळेत तपासले नाहीत म्हणून.
हिरेमठ दोन महिने दवाखान्याच्या बाकावर बसून होते,
बायकोच्या खाटेशेजारी,
हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नव्हतं.
नंतर एक पत्र त्यांनी हातानं लिहिलं,
मजकूर झाकून माझ्यापुढे ठेवलं.
मी म्हटलं, विषय काय लिहू?
म्हणाल्या, चूक.
तिकीट स्वतःच्या पर्समधलं लावलं.
त्या पत्राचं उत्तर आलं नाही.
आवकच्या माणसाला मी वर्षभर विचारत होतो.

निरोपाला शाल, नारळ, सहा भाषणं.
गेटबाहेर पडताना वॉचमनशी कानडीत काही बोलल्या,
तो अजून सांगत नाही.

पुढच्या सोमवारी मीच चढवलं:
सायंकालीन वर्ग पुढील आदेशापर्यंत स्थगित.
अक्षर माझंच. जरा वाकडं आलं.
उत्तरपत्रिकेची प्रत मात्र कोणाला बंद करता आली नाही,
पोरांना आता सवय लागली आहे
आपले मार्क मोजायची.

मला आता आवकला बसवलंय.
काल खिडकीशी एक बाई आली,
बोटांची टोकं तेंदूच्या पानानं काळपट,
संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज घेऊन.
म्हटलं, वर्ग बंद झालेत.
म्हणाली, माहीत आहे. अर्ज घ्या.
म्हटलं, बाई नाहीत आता.
म्हणाली, अर्ज बाईंना नाही. वाचा की.
वर लिहिलं होतं, प्रति, कुलगुरू.

मी शिक्का शाईत दोनदा दाबला.
आवक १०७.
शिक्का पडला की अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.
हा नियम बाईंच्याही आधीचा,
कोणी वाचत नाही म्हणून टिकलेला.
पोच फाडून दिली तर ती तिथंच उभी.
मागं वळून कोणाला तरी तेलुगूत हाक मारली.
रांग जिन्यापर्यंत होती.